रकान्यात न मावलेला चहा

आमच्या आयुक्तांनी आमच्या आयुक्तांवर औषध फवारणीचे नियम मोडल्याबद्दल कारवाई केली. नोटीस त्यांनीच काढली, त्यांनीच स्वीकारली, आणि दोन्ही सह्यांना पेन एकच वापरलं.

असं काही घडलेलं नाही. राज्याच्या संगणकात बघा, सॅन अमारो काउंटीच्या मे महिन्यापुढे शून्य आहे. तेव्हा जे घडलंच नाही ते पहिल्यापासून सांगतो.

मी अराम. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेती आयुक्तांच्या कचेरीत निरीक्षक आहे. सकाळी पेट्रोल पंपांची मापं तपासतो, दुपारी अंडी, आणि उरलेल्या वेळात कुणी कुठे काय फवारलं ते बघतो. कामाची वाटणी सोपी आहे. नियम राज्य करतं, ते पाळले जातात का हे काउंटी बघते, आणि काउंटी नीट बघते का हे पुन्हा राज्य बघतं. म्हणजे शेतकऱ्यावर माझी नजर, माझ्यावर आयुक्त बेटनकोर्ट साहेबांची, त्यांच्यावर राज्याच्या बारागान बाईंची. बारागान बाईंवर कुणाची, हे विचारायला अजून कुणी धजलेलं नाही.

मंगळवारी सकाळी येर आजी आल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावर, अंड्यांच्या अहवालावर, एक पिशवी उपडी केली. आत पानं होती. नेहमीची सरळ पानं नव्हेत. कडा आत वळवून, देठ मुरडून, नको ते बोलणं कानावर पडल्यासारखी तोंड फिरवून बसलेली.

येर थाओ हे आजींचं पूर्ण नाव. कालव्याच्या रस्त्याला लागून त्यांचा अर्धा एकर आहे. त्यात गवती चहा, कारली, वीतभर-वीतभर लांब शेंगा, आणि घराकडच्या बाजूला बाळंतिणीच्या पाल्याचे वाफे. आजी ह्मोंग समाजातल्या, आणि ह्मोंग घरांत बाळंतीण तीस दिवस गरम भात आणि पाला घालून उकडलेली कोंबडी एवढंच खाते. त्या पाल्याची मुळं आजींच्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दोन देश ओलांडून आणली होती.

"सुनेला नऊ दिवस राहिलेत," आजी म्हणाल्या. "आता मला एवढंच सांग, पाला खुडू की नको?"

"कसलं औषध होतं त्यावर आहे, आजी. फवारलं कुणी?"

"तू."

"मी?"

"तू नाहीस रे, तुझ्या अंगात तेवढा जोर नाही. तुमच्या गाडीने. पांढरी होती. दारावर हे होतं." त्यांनी माझ्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काउंटीची मुद्रा आहे: द्राक्षांचा घड, आणि त्याच्याकडे आशेने पाहणारी गाय.

आमची गाडी आहे हे खरं. रस्त्याकडेला सराटे माजले की सायकली पंक्चर होतात, लोक ओरडतात, मग आमच्याच कचेरीची गाडी जाऊन तणनाशक मारते. तक्रारीच्या फॉर्मवर 'कोणाविरुद्ध' असा रकाना असतो. मी त्यात आमचाच पत्ता लिहिला आणि आत गेलो.

साहेब पावात सॉसेज घालून खात होते. त्यांचे आजोबा गाई घेऊन बोटीने इथे आले, असं ते सांगतात. गाई पोहत आल्या, असंही एकदा सांगितलं होतं.

"साहेब, फवारणीची तक्रार आलीय."

"कोण आहे तो? बोलाव त्याला. सोडू नकोस."

"तुम्हीच आहात, साहेब."

साहेबांनी पाव खाली ठेवला. "मग यावर माझं म्हणणं काय आहे?"

"अजून काही नाही. तुम्हाला नोटीस मिळालेली नाही."

"मग बरंय," म्हणून त्यांनी राज्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे साक्षीदार म्हणून मला ऐकू यावं.

"पहिला अधिकार काउंटीचा," बारागान बाई पलीकडून म्हणाल्या.

"पण बाई, आरोपी काउंटीच आहे."

"मग काउंटीने काउंटीची चौकशी करावी आणि काउंटीचं म्हणणं ऐकून घेऊन आम्हाला कळवावं."

"आणि मी स्वतःला पाठीशी घातलं तर?"

"तर वार्षिक तपासणीत तुमचे गुण कापू."

"वार्षिक तपासणी कधी असते?"

"वर्षातून एकदा."

दुपारपर्यंत असे तीन फोन झाले. आजी बाकावर बसून होत्या. त्यांनी डबा काढून भात खाल्ला, मलाही दिला. मी त्यांच्यासमोर संगणकावर परवान्यांचा नकाशा उघडला. रस्त्याकडेला नाजूक पीक असेल तिथे गाडीने शंभर फूट आधीच फवारा बंद करायचा असतो. आजींच्या जागेवर नकाशात एकच शब्द होता: 'गवत'.

गवत नाजूक नसतं. गवत मारायलाच तर गाडी येते.

नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. खाली निरीक्षकाची आद्याक्षरं होती. ती मला ओळखीची वाटली, कारण माझीच होती. दोन वर्षांपूर्वी मी त्या वाफ्यांपाशी उभा राहून 'गवती चहा' लिहायला घेतलं होतं. पिकाचा रकाना लहान, शब्द मावेना. मी चहा काढला. उरलं ते व्याकरणाने बरं दिसावं म्हणून 'गवती'चं 'गवत' केलं.

हे मला एकट्यालाच कळलं होतं. एक बटण दाबलं असतं तर नोंद दुरुस्त झाली असती आणि सगळा दोष गाडी चालवणाऱ्या क्लिंटच्या गळ्यात पडला असता. क्लिंट तसाही दोष देण्याजोगा माणूस आहे. मी बटणावर बोट ठेवलं. आजींनी मला भाताचा शेवटचा घास वाढला.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुमच्या मळ्याला मी गवत लिहिलं."

आजींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा नवरा बत्तीस वर्षं त्याला गवतच म्हणायचा. पण तो पगार नव्हता घेत त्याचा."

मी आत जाऊन साहेबांनाही सांगितलं. तेव्हा चौथा फोन चालू होता, म्हणून बारागान बाईंनाही आपोआप कळलं. साहेब म्हणाले, "कुणी मागायच्या आधीच कबुली द्यायची तुला घाई काय होती?"

आजी माझ्यामागून आत आल्या आणि फोनजवळ वाकल्या. "बाई, मुलं आहेत तुम्हाला?"

"दोन आहेत. का?"

"बाळंत झालात तेव्हा काय खाल्लंत?"

"आईने कोंबडीचा रस्सा केला होता. महिनाभर तेच." बाई थांबल्या. "पहिल्या दिवसापासून."

"माझ्याकडे कोंबडी आहे," आजी म्हणाल्या. "पाल्याचं तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता राज्य स्वतः रबरी बूट घालून मळ्यात उभं होतं. बारागान बाई फोनवर वाटल्या त्याच्या निम्म्या उंचीच्या निघाल्या. ठरलं असं की पानं राज्य तोडेल, पिशवी काउंटी धरेल, चिठ्ठीवर दोघं सही करतील, आणि आजी दोघांवर लक्ष ठेवतील. आमच्या खात्यात एवढी चोख वाटणी मी पहिल्यांदाच बघितली. पिशवी माझ्या हातातून बाईंच्या हातात जाताना एक सही, बाईंना शिंक आली म्हणून परत माझ्याकडे आली तेव्हा एक, पुन्हा गेली तेव्हा एक.

"गाडी कुठवर आली होती?" बाईंनी विचारलं.

"गाडी रस्त्यावरच होती," आजी म्हणाल्या. "औषध आत आलं."

क्लिंटला बोलावून घेतलं होतं. त्याच्या फवारणीच्या वहीत वाऱ्याचा वेग शून्य लिहिला होता. मळ्यात आत्ताच बाईंची टोपी दोनदा कालव्यापर्यंत जाऊन आली होती.

"क्लिंट," मी म्हणालो, "वारा मोजला होतास?"

"मोजला म्हणजे काय. यंत्र आहे ना माझ्याकडे."

"कुठे मोजलास?"

"गाडीत."

"काचा?"

"वर. खाली केल्या की धूळ येते."

बाईंनी डोळे मिटले. साहेब गाईच्या आठवणीने की काय, लांब डोंगराकडे बघू लागले.

"आत खरंच नव्हता हो वारा," क्लिंट म्हणाला.

प्रयोगशाळेला पानं तपासायला एरवी महिना लागतो. लवकर हवं असेल तर चिठ्ठीवर कारण द्यावं लागतं. छापील पर्याय तीन: आग, पूर, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'बाळ'. तो रकानाही लहानच होता, पण बाळ मावलं.

नऊपैकी सहा दिवस गेले. आजी रोज सकाळी कचेरीत येऊन बाकावर बसायच्या. मी अंडी मोजत असलो तर ओठ हलवून माझ्याबरोबर मोजायच्या. सातव्या दिवशी बाईंचा फोन आला आणि त्यांनी सरळ आजींनाच मागितलं.

"रस्त्याकडचे चार वाफे उपटून टाका," त्या म्हणाल्या. "गवती चहा सगळा गेला. कारल्यापासून पलीकडे काही सापडलेलं नाही. घराजवळचा पाला स्वच्छ आहे. सगळा."

आजींनी फोन माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आता मोज तू तुझी." अंडी म्हणायचं होतं, पण घाई होती.

नोटिशीचं सांगायचं राहिलं. साहेबांनी ती बारागान बाईंसमोर द्यायची ठरवली, म्हणजे वशिला झाला असं कुणी म्हणायला नको. टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून त्यांनी सही केली, उठले, पलीकडे जाऊन बसले, चष्मा लावला आणि पूर्ण वाचली.

"आरोप समजले का?" बाईंनी विचारलं.

"समजले. भाषा जरा कडक आहे."

"तुमचीच आहे."

"म्हणूनच म्हणतो." त्यांनी पोच दिली. नकाशाची चूक माझ्या नावावर गेली, वाऱ्याची क्लिंटच्या, आणि दोघांच्या वर साहेबांचं नाव. कालव्याच्या कडेची तीनशे फूट पट्टी यापुढे फवारायची नाही, सराटे हाताने उपटायचे, असं शिक्षेच्या जागी लिहिलं. उपटायचे कुणी, हे लिहिलं नव्हतं. माझे गुडघे अजून दुखतात. क्लिंटने हातमोजे आणले आहेत, पण तो ते गाडीत बसून घालतो.

मग मी हे सगळं राज्याच्या संगणकात भरायला बसलो. कारवाई करणारा आणि कारवाई झालेला या दोन्ही रकान्यांत एकच नाव संगणक घेत नाही. लाल अक्षरांत 'आपण चुकून स्वतःला निवडले आहे' असं येतं आणि नोंद पुसली जाते. बाईंनीही त्यांच्याकडून करून बघितलं. म्हणून मे महिन्यापुढे शून्य. कागदी प्रत मात्र खरी आहे, शिक्क्यासकट. ती आजींच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, बाळाच्या फोटोशेजारी. मुलगी झाली. तीस दिवस सून तो रस्सा जेवली. एकतिसाव्या दिवशी तिने पिझ्झा मागवला.

नकाशाही बदलला. राज्याने पिकाचा रकाना वाढवून दिला आहे, साऱ्या राज्यासाठी, आणि त्यात पहिला संपूर्ण शब्द मी भरला. आजींनी नवे ठोंब लावलेत. ते वर आलेत का हे बघायला गेलो तेव्हा त्यांनी नातीला माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "आता फवारणी जवळपास असली की चोवीस तास आधी मला कळवणार ना तुम्ही?"

"लेखी कळवणार."

"गाडीचं कळवाल. औषधाचंही कळवाल. पण चूक तर वाऱ्याने केली. तो कळवेल का?"

"त्याच्यासाठी फॉर्म नाही, आजी."

"तुझ्याकडे पेन आहे."

पेन होतं. नातीला पाळण्यात ठेवलं, पाळणा हलवत मी लिहिलं, आजींनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी बेटनकोर्ट साहेबांनी 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून ते राज्याकडे पाठवलं. बारागान बाईंचं उत्तर आलं: पहिला अधिकार काउंटीचा. तेव्हापासून अर्ज माझ्या टेबलावर आहे. मजकूर असा:

विषय: वाऱ्याने दिशा बदलण्याबाबत. महोदय, सदर वारा या काउंटीच्या हद्दीत वारंवार व विनापरवाना ये-जा करीत असून संबंधितांना कोणतीही पूर्वसूचना देत नाही. तरी त्यास दिशा बदलण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी, शक्यतो कचेरीच्या वेळेत, श्रीमती येर थाओ यांना लेखी कळविण्याचे आदेश व्हावेत व त्याची पोच घ्यावी, ही विनंती.