कापून टाकलेली टाकी

निसर्गात जोड्या नसतात, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. चौकट धरणारा एक माणूस असतो आणि तो तिसऱ्याला बाहेर ठेवतो, एवढेच. माझी बायको गेली काही वर्षे जिथे जाईल तिथे जोड्यांचे फोटो काढते: पाण्यातल्या खुंटांवर बसलेले दोन पाणकावळे, फलाटावरच्या दोन रिकाम्या खुर्च्या, मोरीत पडलेले दोन चमचे, एकाच क्षणी दारे उघडून उभ्या राहिलेल्या दोन लिफ्ट. ती फिजिओथेरपिस्ट आहे. उजवा गुडघा डाव्याइतका वाकतो का, हा दिवसभर तिचा प्रश्न असतो. संध्याकाळी दवाखाना बंद होतो, प्रश्न बंद होत नाही.

"पाणकावळे तीन होते," मी एकदा म्हणालो.

"तिसरा पाठमोरा होता."

"म्हणून तो नव्हता?"

"फोटोत नव्हता. आणि तुला मोजायला कोणी सांगितलं होतं?"

कोणी सांगितले नसले तरी मी मोजतो. मला पगार त्याचाच मिळतो. मापन-प्रयोगशाळेत मी कोन तपासतो. कारखान्यांचे काटकोन पाहायचे गुण्ये, पाणसळी, कोनमापके माझ्या टेबलावर येतात आणि ती किती खोटे बोलतात हे मी लिहून देतो. शेजारच्या टेबलावर वजने तपासणारा सहकारी बसतो. त्याला सगळे तराजू म्हणतात. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की दोन उपकरणांचे एकमेकांशी पटले नाही, तर चूक कोणाची हे त्या दोघांना विचारून कळत नाही. तिसरे आणावे लागते. तराजू हा नियम नवरा-बायकोच्या भांडणालाही लावतो. त्याच्या घरी तिसरी त्याची सासू असल्याने निकाल लवकर लागतो.

माझ्या सासूबाई गावाच्या टोकाला, डोंगरउताराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात आणि शिवणवर्ग चालवतात. घरामागे एक जुनी आधारभिंत आहे, भिंतीवर चढण, चढणीवर एका गाडीपुरता अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्यावर दिव्याचे दोन लोखंडी खांब. सासूबाईंच्या मागच्या पायरीवर बसले की ते दोन्ही खांब समोर दिसतात. जोडी म्हटल्यावर बायकोने ते सोडणे शक्यच नव्हते.

एका रविवारी दुपारी तिने घरातल्या बोळाच्या भिंतीवर लावण्यासाठी छापून आणलेले फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. तिची नवी कल्पना अशी होती, की एकाच जोडीचे दोन वेगवेगळ्या वेळचे फोटो शेजारी लावायचे. खांबांचा जुना फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता आणि नवा मागच्या महिन्यातला. दोन्ही त्याच पायरीवर बसून काढलेले.

मी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होतो. कप हातातच राहिला.

जुन्या फोटोत खांब समांतर होते. नव्या फोटोत ते वरच्या बाजूला एकमेकांपासून दूर गेले होते. मी आतून कोनमापक आणले.

"आता फोटोंनाही प्रमाणपत्र देणार का?" ती म्हणाली.

फरक दोन अंशांचा निघाला. मिनिटकाटा वीस सेकंदांत सरकतो तेवढा. खांब कंटाळून कलत नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकली तर तो कलतो. त्या जमिनीच्या खाली काय आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

"हे फोटो तू जसे काढलेस तसेच आहेत ना?"

"सरळ करून घेतलेत. नेहमीच करते. डावा खांब चौकटीच्या कडेशी लावून सरळ केला की बाकीचं आपोआप बसतं."

"म्हणजे डावा खांब दोन्ही फोटोंत सरळ आहे, कारण तू त्याला सरळ म्हटलंस."

"सरळच आहे तो."

"तो कलला असेल आणि उजवा जागेवर असेल, तरी फोटो हुबेहूब असाच दिसेल."

तिने दोन्ही फोटो जवळ ओढले. तिला वेळ लागत नाही; शरीर वाकडे असते तेव्हा दोष कोणत्या बाजूचा, हा तिचाही रोजचा पेच आहे.

"डावीकडे पाण्याची टाकी यायची," ती हळू आवाजात म्हणाली. "ती कातळावरची. भिकार दिसायची. कापली मी."

"मूळ फोटो?"

"पुसले. फोन भरतो रे." ती थांबली. "म्हणजे आई..."

"म्हणजे अजून काहीच नाही," मी म्हणालो. ते अक्षरशः खरे होते, आणि त्याचाच मला त्रास होऊ लागला. कातळावर उभी असलेली टाकी हलत नाही. ती चौकटीत असती, तर कोणता खांब हलला हे मी त्या टेबलावर बसल्या बसल्या सांगितले असते. जोडी सुबक दिसावी म्हणून नेमका तो साक्षीदार हाकलला गेला होता.

पुढच्या सुट्टीला ओळंबा आणि पाणसळ घेऊन आम्ही उतारावर गेलो. डावा खांब जवळजवळ ओळंब्यात होता. उजवा तिरका, उजवीकडे आणि खाली घराच्या दिशेने कलला होता, दोन अंशांहून थोडा जास्तच. एवढ्यावर शहाण्या माणसाने निष्कर्ष काढला असता. मी रस्तेखात्याच्या अभियंत्याला बोलावले. तो सज्जन होता, वेळेवर आला, आणि त्याने खांबाभोवती एक चक्कर मारून गुडघ्याच्या उंचीवरचा पोचा दाखवला. पोच्यात हिरवा रंग घासलेला होता.

"कचऱ्याची गाडी इथेच वळते," तो म्हणाला. "गाडीचा रंग कोणता, ते विचारू नका."

"गाडीने ठोकला तर खांब असाच कलेल?"

"असाच."

"आणि जमीन सरकली तर?"

"तरीही असाच. साहेब, खांबाला काय, कारण सांगायची सवय नसते."

जमीन मोजल्याशिवाय काही म्हणता येणार नाही आणि मोजणीचा माणूस यायला दोन महिने लागतील, असे सांगून तो गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितले असते.

आधारभिंतीत एक तडा होता. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो लेकीच्या जन्माआधीपासूनचा. मी त्या तड्यावर आडवी काचपट्टी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की केली. भिंतीचे दोन भाग केसभर जरी हलले तरी काच तडकते. काचेला मधला मार्ग ठाऊक नसतो.

त्यानंतर मी रोज सकाळी फोन करू लागलो.

"आई, काच?"

"काच मजेत आहे. तुमची चौकशी करत होती. तुम्ही कसे आहात?"

मी ठीक नव्हतो. घरातल्या दारांच्या चौकटी मी तपासल्या. बोळातली भिंत वरच्या बाजूला बाहेर झुकते, हे दहा वर्षांत प्रथम कळले, आणि ते कळून मला काहीही मिळाले नाही. बस थांब्यावरचे खांब, शाळेचे फाटक, समोरच्या इमारतीचा कोपरा, जे उभे दिसेल त्याच्याशी मी मनातल्या मनात ओळंबा धरीत होतो. प्रयोगशाळेत एकच गुण्या मी दोनदा तपासून दोन नोंदी केल्या. त्या जुळल्या, हेच समाधान. बायकोने फोटो काढणे थांबवले नव्हते, पण आता ती काढताना चौकट मोठी धरी, मग चिडून फोन खिशात टाकत असे. भिंतीवरच्या खिळ्यांना काहीच लागले नव्हते. आम्ही एकमेकांशी नीट बोलत होतो आणि दोघेही एका खोलीत फार वेळ टिकत नव्हतो.

"काच फुटली नाही म्हणजे भिंत हलली नाही," तराजू जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. "बरोबर?"

"भिंतीचे दोन भाग एकमेकांपासून हलले नाहीत."

"तेच ते."

"तेच ते नाही. जमीन भिंतीच्या पायाखालून सरकत असेल, तर अख्खी भिंत काचेसकट खाली येईल. काच शेवटपर्यंत शाबूत."

त्याने डबा बंद केला. "तुझ्याशी बोललं की जेवण अंगी लागत नाही. सासूला घेऊन ये ना घरी."

"त्या येत नाहीत."

"मग तुझ्या मापांचा उपयोग काय?"

हवामान खात्याने आठवडाभराच्या जोरदार पावसाचा इशारा दिला, त्या दिवशी आम्ही सकाळीच गाडी काढली. सासूबाई शिवणयंत्रावर होत्या. तीन विद्यार्थिनी कापड कापत होत्या. मुलींना त्यांनी घरी पाठवले, पण यंत्रावरून उठल्या नाहीत.

"आई, पाऊस ओसरेपर्यंत तरी चल," बायको म्हणाली.

"दरवर्षी तुझं एक कारण असतं. मागच्या वर्षी जिना होता. त्याच्या आधी चोर. चोर काय नेणार, काजं करायचा दोरा?"

"या वेळी खरंच आहे."

"मागच्या वेळी खोटं होतं, हे कबूल केलंस बघ."

"तुला कळत कसं नाही? मी तिकडे झोपू शकत नाही."

"मग तू इथे येऊन झोप."

बायकोने खिडकीकडे तोंड केले. सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"जावईबापू, तुम्ही सांगा. काय आहे नेमकं?"

मी सांगितले. दोन खांब, कापलेली टाकी, हिरवा रंग, काच. मग माझा अंदाजही सांगितला: या पावसात उतार सुटण्याची शक्यता दहात एक. तो आकडा मी कुठून आणला हे मला कोणी विचारले असते तर उत्तर देता आले नसते. पण विचारणाऱ्याच्या हाती आकडा न देणे मला जमत नाही.

"म्हणजे दहांपैकी नऊ वेळा मी इथेच शिवत बसलेली असेन," त्या म्हणाल्या. "चांगला आकडा आहे."

"आई, दहात एक हा फार मोठा धोका आहे. दहात एक विमान पडत असतं, तर तुम्ही बसला असता?"

"मी विमानात राहत नाही. इथे राहते." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तिकडे आले की मी पाहुणी. हिच्या बैठकीच्या खोलीत हे यंत्र ठेवायचं कुठे? मुली शिकायला येणार कुठे? महिनाभर वर्ग बंद राहिला की त्या दुसरीकडे जातील, आणि मग मी परत येऊन करू काय? तर मला उगाच उठवू नका. पडणारच असेल तर उठते."

पत्र्यावर अजून थेंब नव्हता.

"तुमची गंमत सांगू?" त्या मला म्हणाल्या. "लग्न ठरवताना ह्यांनी विचारलं होतं, मुलीला सुखात ठेवाल ना. तुम्ही म्हणालात, बहुधा. ह्यांना राग आला होता. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडून नक्की हा शब्द मी ऐकलेला नाही. म्हणून तुमचं ऐकेन, हिचं नाही. उतार पडणार, हे नक्की?"

बायको खिडकीतून वळली. तिने मला खूण केली नाही. खूण केली असती तर कदाचित मी खरे बोललो असतो.

मी शक्य तेवढे सगळे पुन्हा तपासले. कललेला खांब एक होता, त्याची कारणे दोन होती, आणि त्यांच्यात निवड करण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नव्हते. खरे सांगितले तर त्या राहणार. राहिल्या आणि उतार सुटला, तर माझे खरे त्यांच्याबरोबर मातीखाली जाणार. या हिशेबात चूक नव्हती. तरीही उत्तर तोंडातून काढायला मला त्यांच्या माझ्यावरच्या विश्वासाचा आधार घ्यावा लागला, आणि तो मोजमापाच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

"नक्की," मी म्हणालो.

त्या उठल्या, ड्रॉवरमधून पान्हा काढला आणि यंत्राचे डोके फळीपासून सोडवायला लागल्या.

"लोखंडी पाय राहू दे," त्या लेकीला म्हणाल्या. "डोकं मागच्या सीटवर ठेव. गुंडाळून. आणि त्या अर्धवट कपड्यांवर मुलींची नावं टाचलेली आहेत, टाचण्या काढू नकोस."

तासाभरात घर बंद झाले. मागच्या खोलीतून पिशव्या आणताना बायको माझ्याशेजारी थांबली.

"तू नक्की म्हणालास."

"हो."

"आहे का नक्की?"

"नाही."

तिने माझ्या हातातली एक पिशवी घेतली. आभार मानले नाहीत, आणि ते बरे झाले.

सासूबाई माझ्याशेजारी पुढे बसल्या. गाडी चढाच्या रस्त्याने वळसा घेऊन निघाली, तेव्हा दोन्ही खांब जवळून गेले. त्यांनी तिकडे पाहिले, मी पाहिले नाही. माझ्या डोक्यात जे चालले होते, ते मला बरे वाटत नव्हते. उतार कोसळावा, असे मला वाटत होते. घर रिकामे असताना, कोणाला इजा न होता, पण कोसळावा. म्हणजे मी म्हणालो ते खरे ठरेल. नाही कोसळला, तर पावसाळा संपल्यावर त्या परत इथे येतील आणि पुढच्या वेळी माझा शब्दही जिना आणि चोर यांच्या रांगेत बसेल. मी आजवर कुठल्याही निकालाची इच्छा धरली नव्हती. आता एका वृद्ध बाईचे घर पडण्याची वाट पाहत होतो.

टेकाडाच्या माथ्यावर त्या म्हणाल्या, "थांबवा जरा."

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी काच खाली केली. खाली त्यांचे छप्पर दिसत होते, त्यामागे भिंत, भिंतीवर चढण. हवा एकदम गार झाली होती.

"कधी पडेल?" त्यांनी विचारले.

"ते सांगता येत नाही."

"या आठवड्यात?"

"कदाचित."

"पुढच्या वर्षी?"

"तेही शक्य आहे."

"म्हणजे पडणार हे नक्की, पण कधी ते ठाऊक नाही."

"हो," मी म्हणालो.

"मग हे मरणासारखंच झालं की," सासूबाई म्हणाल्या. "त्यासाठी माझं यंत्र खोललंत होय?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझ्या 'नक्की'चा अर्थ काय होता ते त्यांना त्या वेळी कळले असावे. निदान मला तसे वाटले. तपासायला काही साधन नव्हते. परत फिरवा, असे त्या म्हणतील म्हणून मी गिअरवर हात ठेवून बसलो.

त्यांनी काच वर केली.

"घ्या पुढे," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश चालवा. डोकं आपटतंय मागे."