माग थांबला तेव्हा

पलंगाच्या पायथ्याशी उकिडवं बसून मंथनने दुसरा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला. तांबडा दिवा लुकलुकला, विचारात पडल्यासारखा थांबला आणि हिरवा झाला.

"आलं," तो म्हणाला. "म्होरल्या सोप्यातलं इंटरनेट आता विजेच्या तारेतनंच हितवर येणार. वेगळी वायर नको."

वडगावातल्या त्या घराच्या मागच्या खोलीत एका बाजूला यंत्रमाग होता, दुसऱ्या बाजूला त्याच्या वडिलांचा, मारुतीरावांचा पलंग. पक्षाघातानं त्यांचं अर्धं अंग गेलं होतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी मागाशेजारचीच जागा मागून घेतली. जाड भिंतींमुळं तिथं रेंज नव्हती, वायफाय पोचत नव्हतं. आणि मंथनची थोरली बहीण तेजस्वी डब्लिनहून एकच धोशा लावून होती : अप्पांचं तोंड तेवढं दाखवा.

घर सोडताना ती म्हणाली होती, "अप्पा, हा माग भंगारात घाला एकदा." त्याच मागानं तिला इंजिनिअर केलं होतं. त्या दिवसापासून अप्पा तिच्याशी बोलले नव्हते.

जेवणासाठी आईनं माग थांबवला तेव्हा मंथनने फोन लावला. पडद्यावर तेजस्वी उमटली. कानांपाशी पांढरे झालेले केस तिनं लपवले नव्हते.

"अप्पा, बोला की ओ."

मारुतीरावांनी तोंड भिंतीकडं वळवलं. "जया, माग लाव."

"अहो, पोरगी बोलतीया..."

"लाव म्हणतो न्हवं?"

जयाबाईंनी बटण दाबलं. धोटा धावू लागला आणि चित्र गोठलं. तेजस्वीचे ओठ कुठल्याशा अक्षरावर अर्धेच उघडे राहिले. मंथनने वाकून पाहिलं. दिवा तांबडा.

"मागाची मोटार लागली की तारेत गोंधळ होतोय. कॉल टिकत न्हाय."

मारुतीरावांनी ते नीट ऐकून घेतलं. मग दर दुपारी तेच घडत राहिलं. लेक पडद्यावर यायची, आणि बाप म्हणायचा, "माग लाव."

एका दुपारी मंथन कामावर गेला होता. मारुतीरावांचा श्वास सकाळपासून जड होता. जयाबाई विणत होत्या. पितळी तांब्या फरशीवर आदळला तेव्हाच त्यांनी वळून पाहिलं.

"पाणी पायजे?"

"माग थांबीव."

खडखडाट ओसरला. मारुतीरावांची नजर पायथ्याच्या दिव्यावर खिळली. तो हिरवा होईतो त्यांनी वाट पाहिली.

"लाव फोन. तेजीला."

जयाबाईंची बोटं पडद्यावरून घसरत राहिली. घंटी वाजत राहिली आणि विझली.

"हापिसात असंल. उचलंल मागनं." त्यांचा हात सवयीनं बटणाकडं गेला.

"हात लावू नको."

वीज गेली की आळीतले सगळे माग एकदम गप्प होतात. जेवणाची वेळ टळल्यावर भरदुपारी एकाच घरातला माग थांबतो, तेव्हा अर्थ वेगळा असतो. शेजारची नागुबाई तोंडाला पदर लावून दारात आली.

"जयाक्का... मारुतीअण्णा गेले व्हय गं?"

"न्हाय गं," पलंगावरून उत्तर आलं. "जरा दम धर."

पण तोवर पलीकडचा माग थांबला होता. मग त्याच्यापलीकडचा. बातमी आवाजाशिवाय, घरामागून घर, आळीच्या टोकापर्यंत चालत गेली, आणि कधी नव्हे ते वडगावात चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

नागुबाई गडबडीनं वळली. "सांगून येते सगळ्यांस्नी."

"राहू दे." मारुतीरावांनी बरा हात किंचित उचलला. "माझ्यासाठीच थांबल्यात. राहू दे."

फोन वाजला. तेजस्वी कुठल्याशा जिन्यात उभी होती, धापा टाकत. ती आधी कान देऊन ऐकत राहिली. आळीतच वाढलेली मुलगी ती.

"आई, आवाज कुठाय गं?" तिचा चेहरा हळूहळू उसवत गेला. "माग का बंद हाय? अप्पा..."

जयाबाईंनी फोन पलंगाकडं वळवला.

मारुतीरावांचे ओठ एका बाजूनंच हलले. पुन्हा हलले.

"मीच थांबिवलाय."

दिवा हिरवाच होता. बाहेर उंबऱ्यापाशी माणसं गोळा होत होती आणि एकेक जण, आवाज न करता, चपला काढून ठेवत होता.