करकरणाऱ्या झाकणाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगावर पोचे आहेत, कडेला गंज आहे, पण म्हणून नाकं मुरडू नका. एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर मी तीस वर्षं काढली आहेत. तुमच्यापैकी कितीजण एका जागी तीस मिनिटं बसतात?

मित्रांनो, लोक कपडे धुवायला टाकतात आणि खिशात काय काय विसरतात! किल्ल्या, चष्मे, कानातलं, एकदा तर कवळी. खिशातून निघालेली वस्तू आधी माझ्या पोटात आणि मग ज्याची त्याच्या हातात, असा नियम मालकीणबाईंनी घातला होता. माझं झाकण फार करकरायचं. बाईंनी मुद्दामच त्याला कधी तेल दिलं नाही. करकर झाली की त्यांची मान वर. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मीही फुगायचो, खोटं कशाला सांगू?

बाईंची लेक माझ्या शेजारी बसूनच वाढली. सात वर्षांची असताना तिनं माझ्यातली रंगीत पेन्सिल उचलली. झाकण करकरलं आणि पाठीत धपाटा बसला. हुंदके देत तिनं विचारलं, "आई, जिची पेन्सिल हरवली, ती पण रडत असेल का गं?"

"तुला काय करायचंय? मी बघतेय, एवढं ध्यानात ठेव!"

पोरीनं ते अगदी नीट ध्यानात ठेवलं. पुन्हा झाकण वाजलं नाही. "एका धपाट्यात सरळ झाली," म्हणून बाई मिरवल्या. पण तिनं माझ्या कडेला साबणाची वडी घासली होती. मी काय बोलणार? माझी जीभच तिनं गुळगुळीत केली होती.

इस्त्रीवाल्या मावशींचं निराळं होतं. हाती काही लागलं की त्या पुटपुटायच्या, "कुणीतरी घरभर शोधत असेल बाई." मालकीण पाठमोरी असली तरी वस्तू माझ्यातच पडायची. त्यांना बाईंचं भय नव्हतं. बाईंना ते जरा खुपायचंच.

वर्षं गेली. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लेक काउंटर सांभाळू लागली. एके दिवशी निवृत्त पोस्टमनचा कोट आला. मावशींनी त्याच्या खिशातून अंगठी काढून माझ्यात ठेवली. त्याच्या गेलेल्या बायकोची होती. संध्याकाळी तो धापा टाकत आला, तेव्हा मी रिकामा होतो.

"हात कुणाचा लागला होता?" बाई गरजल्या.

"मावशींचा," लेक म्हणाली. ते खरंही होतं, म्हणून तर जास्त झोंबतं. पोलीस मावशींना घेऊन गेले. जाताना त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच साक्ष देणार होतो.

तिसऱ्या दिवशी धुण्यात लेकीचं जाकीट आलं. सवयीनं बाईंनी खिसे चाचपले. सोनाराची पावती निघाली. भिंग लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि तशाच सोनाराकडे धावल्या. अंगठी केव्हाच वितळली होती.

"कुणी बघितलं होतं का मला?" लेकीनं विचारलं. आवाजात उर्मटपणा नव्हता, मित्रांनो. ती खरंच विचारत होती.

"अगं, त्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल? मावशीचं?"

"ते मी लहानपणी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, तुला काय करायचंय."

बाई उठल्या, लेकीचा दंड धरला आणि तिला ठाण्यात घेऊन गेल्या. परत आल्या त्या एकट्याच. मावशी सुटल्या. बाई त्यांच्या दारी हात जोडून आल्या, पण मावशींनी पुन्हा इथली इस्त्री हातात घेतली नाही.

आता बाईंनी माझं झाकणच काढून टाकलं आहे. काही सापडलं की धुलाईवाल्याला विचारतात, "ज्याचं आहे, तो आत्ता काय करत असेल रे?"

"मला काय ठाऊक, बाई?"

"ठाऊक नाही म्हणून तर विचार कर, मेल्या!"

मित्रांनो, मी पत्र्याचा, मला अक्कल ती किती. तरी सांगतो. परकी वस्तू हाती आली तर कुणी बघतंय का म्हणून मागे वळून बघू नका, पुढे बघा, जो ती शोधतोय त्याच्याकडे. आणि तुमच्या धाकट्या भावंडानं पेन्सिलवालीची चौकशी केली, तर त्याला गप्प करू नका.

पोस्टमन अजूनही कोट टाकायला येतो. देण्याआधी खिशात हात घालून बराच वेळ उभा राहतो. मी उघडाच असतो. माझ्यात त्याचं काही नसतं.