उंच केलेला ओटा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हा स्वयंपाकघरातला ओटा कालच बांधला असावा. पण वरचा काळा दगड तेवढा नवा आहे. आतून मी जुनाच आहे, आणि त्या चकचकीत दगडाखाली मला फार ओशाळल्यासारखे होते.

मला बांधताना गवंडी म्हणाला होता, "बाई, इतका बुटका ओटा? लोक हसतील."

"हसू देत. स्वयंपाक लोक करणार आहेत का?" घरातल्या आईने विचारले. ती ठेंगणी होती. तिला समोर उभे करूनच गवंड्याने माझी उंची ठरवली. पुढे माझ्यावर भाज्या चिरता चिरता तिने मुलाचे पाढे ऐकले. नवरा गेला त्या दिवशी ती माझ्यावरच दोन्ही हात टेकून उभी होती. माझ्या कडा झिजल्या. पण तिची पाठ कधी दुखली नाही, याचा मला अभिमान होता.

मग घर विकायचे ठरले. मुलगा आता दुसरीकडे राहत होता; विक्री होईपर्यंत आई इथे एकटीच राहणार होती. पहिलेच गिऱ्हाईक मला पाहून म्हणाले, "हा काय भातुकलीचा ओटा!" मुलाचा चेहरा उतरला.

"आई, हा उंच करून घेऊ. घराला भाव येईल."

"अरे, येणारा आपल्या सोयीनं करेल की. कशाला उगाच खर्चात पडतोस?"

"तुला यातलं कळत नाही."

मुलाने गवंडी बोलावला. मी उंच झालो आणि आई पाटावर चढून स्वयंपाक करू लागली. एकदा पाट सरकला, उकळते पाणी मनगटावर सांडले. तिने बाही खाली ओढली आणि कुणाला काही सांगितले नाही.

शेवटी एका जोडप्याने घर पसंत केले. "दगड छान आहे हो," नवरा म्हणाला, "पण ही भिंत पाडून आम्ही एकच मोठी खोली करणार. ओटा तर आधी जाईल."

आई पाहुण्यांच्या चहासाठी पाटावर चढली, तेव्हा मुलाला तिचे भाजलेले मनगट दिसले.

"आई, उतर खाली."

"राहू दे रे, सवय झाली आता."

मित्रांनो, उद्या येणाऱ्यांसाठी घर सजवाल, तेव्हा आज त्यात कोण वावरते आहे, तेही पाहा.

घराचा ताबा देईपर्यंत मुलगा रोज सकाळी येऊन स्वयंपाक करतो. त्याच्या उंचीला मी अगदी बरोबर आहे. आई दारात बसून त्याला मीठ किती घालायचे ते सांगते, आणि तो मान खाली घालून माझ्याकडेच पाहत राहतो.