बरणीतलं मूळ

शिवणयंत्रांची घरघर थांबली आणि कारखान्यातल्या सगळ्या बाया खिडकीपाशी जमल्या. गाठींवर लेप विकत फिरणाऱ्या मुळ्याबाबाने बरणी उजेडात धरली होती. आत एक काळी खपली, खाली तंतू लोंबत होते.

"छातीतल्या गाठीचं मूळ आहे हे. माझ्या लेपाने आपण होऊन बाहेर आलं. ना सुई, ना सुरी. मूळ गेल्यावर झाड उभं राहतं का?"

बायांनी हात जोडले. खपली आमच्यात बटणांची काजं करणाऱ्या काजेवालीची, आणि ती समोर हसत उभी. मग कोण काय बोलणार? असे बाबा मी जन्मभर पाहिले. हल्ली राग येत नाही, कंटाळा येतो. पण या खेपेला माझ्या धाकट्या बहिणीने त्या लेपाची डबी विकत घेतली. तिच्या छातीत कोटाच्या बटणाएवढी गाठ होती. दुखत नाही म्हणून तिने ती लपवली होती, आणि तपासणीची सुई टोचली की रोग पसरतो, असं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं.

दवाखान्यातली नर्स अधूनमधून येऊन छाती कशी तपासावी ते शिकवायची. बाया तिला पाठीमागे 'चाचपणीबाई' म्हणत. बहिणीला घेऊन मी तिला गाठलं. वाटलं, बहिणीला झापेल. तिने नुसती डबी हुंगली.

"नवं औषध आलं की आम्ही आधी विचारतो, रोग नाही तिथे लावलं तर काय होतं?"

"मग लावा की तुमच्या हाताला, सिस्टर," बहीण म्हणाली.

"हात मला कामाला लागतो गं. खाटकाकडून मटणाचा तुकडा आण."

लेप लावलेला तुकडा दोन दिवस झाकून ठेवला. मग सगळ्यांसमोर नर्सने चिमटा लावला. काळी खपली अलगद सुटली. खाली तंतू लोंबत होते, बरणीतल्यासारखेच. नर्सने सांगितलं, लेपात जाळणारा क्षार होता. तो चांगलं मांसही जाळतो, आणि त्या जळक्या धाग्यांना बाबा मूळ म्हणत होता.

"ताई, मटणालाही कॅन्सर होता म्हणायचा," बहीण म्हणाली. कोणी हसलं नाही. काजेवालीचा हात छातीवर गेला. जखमेखाली गाठ तशीच होती. नर्स तिला हळूच बाजूला घेऊन गेली.

नर्स परत आल्यावर बहिणीने तिला विचारलं, "माझी तसली असेल का?"

"बहुतेक गाठी तसल्या नसतात. पण तपासल्याशिवाय मला कळणार नाही, अन् बाबालाही नाही. सुईने रोग पसरत नाही. उशीर केल्याने पसरतो."

सकाळी दोघी दवाखान्यात गेलो. बाबा तोवर पलीकडच्या कारखान्यात पोचला होता. बरणी तीच.

बायांनो, बरणी दिसली की एवढंच विचारा: निरोगी जागी लावलं तर काय निघेल? आणि उत्तराला थांबू नका, दवाखाना गाठा.