सुबोधला सांभाळणारं कुणी

मुलुंड पूर्वेच्या शुभाताईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि त्यांच्या सुबोधला सत्तेचाळिसावं. उंची, मिशी, कानावरचे पांढरे केस सगळं वयासारखं. समज तेवढी सहा-सात वर्षांच्या पोराएवढी राहिलेली. शर्टाची बटणं तो आपली आपण लावायचा, एखादं वर-खाली व्हायचं, तेवढंच. आठवड्यातले काही दिवस तो त्याच्यासारख्यांसाठीच्या वर्कशॉपमध्ये पाकिटं चिकटवायला जायचा. नवरा देवदत्त गेल्यापासून शुभाताईंना एकच घोर लागला होता, आपल्यामागे याचं कसं होणार?

धाकट्या दिरांनी "आम्हालाच आता कुणीतरी बघणारं हवं, वहिनी" म्हणून हात वर केले. शहराबाहेरची एक संस्था त्या स्वतः जाऊन बघून आल्या. भर दुपारी तिथली वीस-पंचवीस माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि कुणी कुणाशी अक्षर बोलत नव्हतं. येताना बसमध्ये त्यांनी सुबोधचा हात सोडला नाही.

मग बोरिवलीची दीप्ती म्हणाली, "मावशी, मी आहे ना! दादाला मी बघेन." मेलेल्या बहिणीची ही एकुलती लेक. शुभाताईंना वाटलं, देवच पावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोनवरचं दिसायचं नाही, त्यामुळे बँकेचं सगळं हळूहळू दीप्तीच्या हातात गेलं. दर रविवारी ती यायची, सुबोधला चॉकलेट आणायची, मावशीच्या फोनवर आलेले बँकेचे आकडे आपल्या फोनमध्ये घालायची.

फेब्रुवारीत डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागलं तशा शुभाताई सुबोधला घेऊन पासबुक भरायला बँकेत गेल्या. पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. काउंटरवरच्या तेजल नावाच्या मुलीला त्यांनी पासबुक दाखवलं. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, तुमच्या तिन्ही ठेवी मोडल्यात. दिवाळीपासून. एकोणीस लाख दुसऱ्या खात्यात गेलेत. तुम्हाला माहीत होतं?"

त्या ठेवी सुबोधसाठी होत्या. देवदत्तांचा फंड, शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काम करून शुभाताईंनी साठवलेलं, सगळं त्यात होतं.

तेजलने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. "ही फसवणूक आहे, आजी. आजच अर्ज द्या. पोलिसांत कसं जायचं तेही मी सांगते. हा फॉर्म."

"यात नाव कुणाचं घालायचं?"

"ज्यांनी पैसे काढले त्यांचं."

बाहेर खुर्चीवर बसून सुबोध भिंतीवरचे टोकनचे नंबर मोठ्याने वाचत होता. "एकेचाळीस! आई, एकेचाळीस!" शुभाताईंनी फॉर्मची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

रविवारी दीप्ती आली. शुभाताईंनी तिला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"ठेवी मोडल्यास तू?"

दीप्ती दारातच उभी राहिली. "सुशांतच्या धंद्याची वाट लागली गं. गाळा जायची पाळी आली होती. नवरा आहे माझा, काय करणार? तुला सांगणारच होते."

"कधी?"

दीप्तीचा आवाज चढला. "मग काय करणार आहेस? पोलिसांत जाणार? जा. पण मग दादाचं तूच बघ. तू आहेस तोवर बघशीलच म्हणा." बोलून गेल्यावर तिचेच डोळे भरले. "असं बोलायला नको ना लावूस, मावशी."

सुबोध आतून धावत आला. "दीप्ती, माझं चॉकलेट?" तिने ते आणलं होतं.

सोमवारी शुभाताई पुन्हा तेजलसमोर बसल्या. "मीच सांगितलं होतं भाचीला काढायला. वय झालं, विसरले."

"आजी, खरं सांगा."

"खरंच सांगतेय. लिहून देऊ?" आणि शाळेचे दाखले लिहिलेल्या त्या वळणदार अक्षरात त्यांनी खोटं लिहून दिलं.

तेजलने कागद वाचला. "निदान घर कुणाच्या नावावर करण्याआधी वकिलाला विचारा. सांभाळायची अट घाला. अट मोडली तर घर परत मागता येतं."

"मी गेल्यावर अट मोडली, तर परत मागायला कोण जाणार गं? सुबोध?"

तेजलने कागद फाइलला लावला. शुभाताईंच्या मागे रांग वाढत होती.

एप्रिलमध्ये घराचाही विषय निघालाच. "दादाच्या नावावर ठेवलंस तर कोर्टाचे फेरे लागतील मला," दीप्ती म्हणाली. शुभाताईंनी अटीचा शब्द काढून पाहिला. "अट कशाला? मी काय परकी आहे?" असं ती म्हणाली, आणि शुभाताईंनी पुढे ताणलं नाही. हिला दुखवून चालणार नव्हतं.

नोंदणीच्या ऑफिसात घर दीप्तीच्या नावावर करायला अंगठा झाला, सही झाली. फोटोच्या वेळी सुबोध कॉलर नीट करून आईच्या खांद्यामागे उभा राहिला.

"काका, बाजूला व्हा. फोटोत येताय तुम्ही," कारकून म्हणाला.

"मलापण काढायचाय."

"तुमचा लागत नाही."

रिक्षात दीप्ती म्हणाली, "दादाचं ते वर्कशॉप जूनपासून बंद करू या का? जाण्यायेण्यातच किती पैसे जातात."

"त्याला तिथं आवडतं."

"बघू," दीप्ती म्हणाली आणि फोनवर बोलू लागली.

दुसऱ्या दिवसापासून शुभाताईंनी सुबोधला शिकवायला घेतलं. सकाळी चहा झाला की त्याला समोर बसवायच्या.

"म्हण, दीप्ती, मला भूक लागलीय."

"आई, मला भूक लागलीय."

"आई नाही रे. दीप्ती म्हण."

"पण दीप्ती कुठंय? जेवण तर तू देतेस."

"तरी म्हण. दीप्ती, माझ्या पोटात दुखतंय."

सुबोधचा चेहरा पडला. त्याने पुढे वाकून आईच्या पोटावर हात ठेवला. "कुठे दुखतंय?"

"मला नाही रे राजा," शुभाताई म्हणाल्या. "पुन्हा म्हण."