दातांनी ऐकलेला आवाज

धाकट्याला त्या जीपमधून काय काय मिळणार होतं ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे उगाच कुणी डोळे वटारायला नको. पहिली मिळकत खुद्द जीप. चारही चाकांनी ओढणारी, रंग उडालेली, पण इंजिन ठणठणीत. ती त्याच्या मेहुण्याला हवी होती, तेव्हा बायकोच्या माहेरी भाव वधारणार, ही दुसरी. आणि तिसरी, मेहुण्यानं त्या बदल्यात कबूल केलेली, थोरल्याच्या गॅरेजसमोरची रिकामी शेड, वर स्वतःच्या नावाची पाटी. एवढ्या सगळ्याला भांडवल काय? थोरल्या भावाचा कान.

थोरल्या मिस्त्रीच्या कानाचा भारी बोलबाला होता. गाडी फाटकातून आत आली की तो दुखणं सांगतो, असं लोक म्हणत. पत्रे ठोकून ठोकून त्याचे दोन्ही कान कधीच कामातून गेले होते, हे ठाऊक होतं दोघांनाच, त्याच्या बायकोला आणि धाकट्याला. कुणाची गाडी आली की धाकटा शेजारी बसून चक्कर मारून यायचा, उतरताना गिऱ्हाइकाच्या पाठीमागून नुसते ओठ हलवायचा, आणि थोरला ते वाचून, जरा डोळे मिटून, निदान जाहीर करायचा. डोळे मिटणं ही त्याची स्वतःची भर. गिऱ्हाइकाला बरं वाटतं, म्हणायचा.

जीप होती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. वरच्या गोठ्यांकडे चढताना चारही चाकांना जोर द्यावा लागे, आणि नेमकं तेव्हाच खालून ठोके पडत. खट्, खट्, खट्. सपाट रस्त्यावर मात्र गाडी अगदी गरीब गाय. मागे एकदा ती तेलपाण्याला आली होती, त्यानंतरच हे सुरू झालं होतं. धाकट्याच्या ओठांवर आलं, ‘पुढच्या शाफ्टचा जॉइंट.’ जॉइंट बदलला. ठोके तसेच. मग दुसरा बदलला. शेवटी ओठ म्हणाले, ‘पुढचं सगळंच गेलंय. विकायला सांग.’

आणि थोरल्यानं डोळे मिटून सांगितलं, "बाई, हिच्या नादी लागू नका. मिळेल त्या किमतीला काढा. माझा शब्द."

"तुम्ही म्हणताय म्हणजे संपलंच," बाई म्हणाल्या. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. का मिळालं ते आपण बघितलंच आहे.

जीप द्यायच्या सकाळी धाकटा मेहुण्याला आणायला गेला होता. बाई मागच्या बाजूनं दोरखंड, गमबूट, बादल्या काढत होत्या.

"एक विचारू का, मिस्त्री? तुम्ही सारखं पुढे पुढे म्हणता. पण मला तर हे बरोब्बर माझ्या बुडाखाली ठोकतं हो!"

थोरल्यानं बाईंच्या ओठांवरचा तो शब्द दोनदा तपासून घेतला. पण हसला नाही. आजवर गिऱ्हाइकाला त्यानं कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं ते धाकट्याला.

"बसा आत," तो म्हणाला. "ब्रेक दाबून धरा, चारही चाकं जोडा, आणि मी हात केला की क्लच जरासाच सोडा."

चाकांना ओंडके लावून तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. लांब स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ त्यानं दातांत धरली. कान मेले तरी कवटी मरत नाही, ठोका दातांतून तिला कळतो, हे त्याला कधीचंच ठाऊक होतं. चारचौघांत असं करायची लाज वाटायची एवढंच. टोक पुढच्या जॉइंटला लावलं, हात केला. दात शांत. मागच्या शाफ्टला. शांत. मग मधल्या डब्याला, जिथून जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटला जातो. पार टाळूपर्यंत ठोका बसला.

डबा उसळून गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आदळत होता. त्याला धरणारे नट सगळे ढिले. आणि सगळे एकाच मापानं ढिले. त्यानं बोट फिरवलं. आट्यांवर तेल.

हिसक्यांनी सुटलेल्या नटाला कुणी तेल घालत नाही. कोरडा नट आवळायचा नाही, सोडायचाही नाही, हे त्यानं धाकट्याला टपल्या मारमारून शिकवलं होतं. पोरानं फसवतानाही शिकवण मोडली नव्हती. थोरल्यानं दातांतला स्क्रू-ड्रायव्हर काढून बाजूला ठेवला. मग त्यानं पाना घेतला.

नट आवळून तो वर आला तेव्हा दारात धाकटा उभा होता, मागे नव्या शर्टात मेहुणा.

"दादा, तू कशाला खाली गेलास?"

"आवाज गेला रे," थोरला म्हणाला. "नटांना तेल छान घातलं होतंस."

धाकट्याचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. बाईंच्या पाठीमागे सरकून त्यानं नेहमीसारखे नुसते ओठ हलवले: ‘गप्प बस. मी बोललो तर तुझं दुकान बसलं.’

इतकी वर्षं याच ओठांवर थोरल्यानं संसार चालवला होता. या जीपच्या बाबतीत आज पहिल्यांदाच ते खरं बोलत होते.

"बाई," तो म्हणाला, आणि मोठ्यानंच म्हणाला, कारण आपला आवाज किती मोठा हे त्याला कळत नसे, "गाडी विकू नका. हिला काही झालेलं नाही. नट इथंच सोडले होते, माझ्या भावानं. आणि मला ऐकू येत नाही. दिलेला शब्द त्याच्या कानाच्या भरवशावर दिला होता."

बाईंनी बादल्या परत जीपमध्ये टाकल्या. काही बोलल्या असतील तर पाठ फिरवून, म्हणजे त्याच्यापुरतं नाहीच.

आता हिशेब. बाईंची जीप बाईंकडे राहिली आणि मुकाट चढ चढते. मेहुण्यानं दुसरी जीप दुसरीकडून घेतली, पण शेडचा शब्द बहिणीकडे बघून पाळला. धाकट्याची पाटी समोरच्या शेडवर लागली ती लागलीच. गिऱ्हाईकही तिकडेच वळलं, कारण कान कुणाचा होता हे आता जगजाहीर झालं होतं. बाई अजून थोरल्याकडेच येतात, पण विचारत नाहीत; आवाज कुठून येतो ते त्याच सांगतात, तोंड समोर धरून, सावकाश. म्हणजे सगळ्यांचं ज्याचं त्याला पोचलं. किंमत भरली एकट्या थोरल्यानं, आणि तीही अशा कानानं, जो त्याच्याकडे मुळात शिल्लकच नव्हता.